विज्ञानाचे लघुव्हिडिओ

अंतराळातला किंवा रोजच्या जगण्यातला एखादाच प्रश्न घेऊन त्याचे उत्तर काही सेकंद ते चार-पाच मिनिटांत डोळ्यांसमोर घडवून दाखवणाऱ्या चित्रफिती. कॅमेऱ्याकडे बघून नुसते बोलत राहणे हे आखूड भाषण. ते या प्रकारात मोजू नये. यूट्यूबने सप्टेंबर २०२० मध्ये उभ्या आकाराचे ‘शॉर्ट्स’ भारतात आणले आणि असे व्हिडिओ घरोघरी पोचले. त्यांची साठ सेकंदांची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर गेली.

कल्पना मात्र मोबाइलहून बरीच जुनी. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचे कमांडर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर टीव्ही कॅमेऱ्यासमोर एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले व दोन्ही एकदम सोडले. हवेचा अडथळाच नसल्याने दोन्ही बरोबर खाली आली. पडायला जेमतेम दीड सेकंद लागला. गॅलिलिओचे म्हणणे पाठ असलेल्यालाही ते पीस दगडासारखे खाली येताना पाहून चमकायला होते.

एप्रिल २०१३ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ओला रुमाल पिळून दाखवला. प्रयोग सुचवला होता नोव्हास्कोशातल्या दोन शाळकरी मुलींनी. पाणी टपकले नाही. रुमालाभोवती पाण्याची जाडसर नळी तयार झाली आणि तिथून ते सरकत हातांना चिकटून बसले. पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा धरून ठेवणारी ओढ, आपल्याकडेही असतोच, पण पाण्याच्या वजनापुढे त्याचे फारसे चालत नाही. तिथे त्याला मोकळे रान मिळते.

असे व्हिडिओ पाहून ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो चूक आहे. स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर फिरते आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि आतली माणसे सतत एकत्र पडत असतात. ताशी सुमारे २८,००० किमीच्या आडव्या वेगामुळे ती जमिनीला लागत नाहीत, एवढेच. हे घरी दाखवता येते. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडायचे, ते बोटाने दाबून बाटली भरायची आणि झाकण न लावता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जायचे. बोट काढले की धार लागते. बाटली सोडली की ती आणि आतले पाणी एकत्र पडू लागतात, धार तुटते आणि बाटली खाली आपटेपर्यंत भोकातून पाणी येत नाही. चार मीटर पडायला ०.९ सेकंद लागतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना हे धड कळत नाही. मोबाइल ‘स्लो मोशन’वर ठेवला की स्वच्छ दिसते. (खाली कुणी उभे नाही ना, हे आधी बघावे. शेजाऱ्यांना विज्ञान आवडतेच असे नाही.)

महाराष्ट्रात या विषयाची वाट पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेकडे जाते. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत. एक प्रश्न, एक छोटे उत्तर हा घाट तिथे कागदावर आधीच तयार होता. त्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या मिनिट-दोन मिनिटांच्या शेकडो फिती केल्या. निवेदन मराठीसह अनेक भाषांत आणि सगळे फुकट. त्यातली मोटर बघण्यासारखी आहे: एक सेल, रबराची पट्टी, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमल (वीज अडवणारा लेप) चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. मेख आहे ती वेटोळ्याची टोके खरवडण्यात. इनॅमल सगळीकडून काढायचे नाही, एक बाजू राहू द्यायची. दर फेरीत प्रवाह मधेच तुटला नाही तर वेटोळे थोडे डुलते आणि थांबते. वहीतल्या आकृतीत ही बाजू बहुधा हरवते. फितीत पाते धरलेला हात दिसतो, तार किती वळवली तेही दिसते.

अंतरे दाखवताना मात्र हा प्रकार उघडा पडतो. १५ सेंमी उंचीच्या पडद्यात पृथ्वी ते चंद्र हे अंतर (सरासरी ३,८४,४०० किमी) पुरेपूर बसवले, तर पृथ्वी ५ मिमीची होते आणि चंद्र दीड मिमीहूनही लहान. इतके बारीक ठिपके कोण बघणार, म्हणून ॲनिमेशनमध्ये दोघांना शेजारी आणून बसवतात. मग पृथ्वीची सावली पडून चंद्राच्या कला होतात, हा जुना गैरसमज आणखी घट्ट होतो. खऱ्या अंतरावर, सुमारे ५ अंश कललेल्या कक्षेत, चंद्र बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. यावर सोपा उपाय आहे. क्रिकेटचा चेंडू पृथ्वी मानला तर दोन सेंमीची गोटी चंद्र होते आणि ती सव्वादोन मीटरवर ठेवावी लागते. कॅमेरा चेंडूपासून गोटीपर्यंत सलग सरकवला, तर मधले पाच-सहा सेकंद पडद्यावर फक्त फरशी दिसते.