शहर बांधून होतं, मग वाढत का नाही?

मोठ्या आपत्तीनंतर शहर बांधून काढणं आणि शहर पुन्हा वाढीला लागणं, या दोन गोष्टी आपण सर्रास एक धरतो. बांधकाम पैसा आणि इंजिनिअर मिळाले की होतं. वाढीसाठी मात्र लोकांनी आणि धंद्यांनी पुढची वीस-तीस वर्षं तिथेच काढायचं ठरवावं लागतं.

टेक्सासचं गॅल्व्हेस्टन बंदर घ्या. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात तिथे किमान ६,००० माणसं गेली. त्यानंतरचं काम थक्क करणारं आहे. समुद्राला १७ फूट उंचीची भिंत घातली. शहराची जमीनच वर उचलायची म्हणून दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली पाइपातून रेतीचा गाळ भरला. सेंट पॅट्रिक्स चर्च तर ३,००० टनांचं. तेही ५ फूट वर गेलं. तोवर लोक लाकडी फळ्यांवरून ये-जा करत होते. १९१५ च्या वादळात ती भिंत टिकलीही. बांधणी म्हणून यात खोट काढायला जागा नाही.

तरी १९०० ची सुमारे ३७,८०० वस्ती १९१० मध्ये ३७,००० वर आली, आणि शेजारचं ह्यूस्टन ४४,६०० वरून ७८,८०० वर गेलं. कापूस गॅल्व्हेस्टनहून जातच राहिला. पण १९०१ मध्ये बोमाँटजवळ तेल लागलं, त्याचा नवा पैसा वादळापासून आत असलेल्या ह्यूस्टनकडे वळला. १९१४ मध्ये तिथवर मोठ्या जहाजांचा कालवाही झाला. माझ्या मते गॅल्व्हेस्टनला वादळापेक्षा हा तयार शेजारी जास्त भोवला.

कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर घरांबरोबरच नव्या कारखान्यांना अबकारी करात सूट मिळाली आणि हाताशी कांडला-मुंद्रा बंदरं होती. रोजगार आला, माणसं राहिली.

अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर बांध अब्जावधी डॉलर घालून मजबूत केले. घरांची मदत मात्र बांधकामाच्या खर्चावर किंवा घराच्या वादळाआधीच्या किमतीवर, यातली जी रक्कम कमी तिच्यावर ठरली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत किमती कमी, म्हणून तीच पडझड भरून काढायला त्यांच्या हाती कमी पैसे आले. हा उघड अन्याय होता. २००० मधली ४.८५ लाख वस्ती २०१० मध्ये ३.४४ लाखांवर आली. गेलेल्यांपैकी कित्येक ह्यूस्टनलाच स्थायिक झाले.