फिनटीएस

फिनटीएस : ग्राहकाच्या संगणकावरील हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात थेट व्यवहार व्हावा, यासाठी जर्मनीत ठरविलेले संदेशमानक. पूर्वीचे नाव एचबीसीआय (होम बँकिंग कम्प्युटर इंटरफेस). तेथील बँकसंघटनांच्या सामाईक समितीने (आताचे नाव ‘डी डॉइच क्रेडिटविर्टशाफ्ट’) ते तयार केले. तपशील सर्वांना खुले असल्याने मुक्तस्रोत हिशेबप्रणालींत याचा वापर रुजला.

या मानकाचा उगम १९८० च्या दशकातील बीटीएक्स या दूरध्वनीवरील पडदासेवेत शोधता येतो. तिच्यावरून खातेव्यवहार होत असत. मात्र हा संबंध ग्राहकांच्या सवयीपुरता दिसतो. बीटीएक्सवर बँक पडद्यावरची पाने पाठवी आणि ग्राहकाचे सॉफ्टवेअर त्यांतून आकडे वेचून घेई. एचबीसीआयमध्ये पाने नाहीत, नुसते संदेश आहेत. त्यांची घडण एडिफॅक्ट या व्यापारी संदेशमानकाशी जुळते. संदेशाचे खंड ' या चिन्हाने संपतात. घटक + ने व उपघटक : ने वेगळे होतात. ही चिन्हे मजकुरातच आली, तर त्यांच्या आधी ? हे चिन्ह येते. चारही चिन्हे एडिफॅक्टचीच आहेत. द्विमान (बायनरी) माहितीची लांबी दोन @ चिन्हांमध्ये देण्याची सोय तेवढी वेगळी. त्यामुळे हे मानक एडिफॅक्टच्या घराण्यातले मानणे अधिक सयुक्तिक होय. पहिल्या आवृत्त्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत. ३.० ही आवृत्ती २००२ च्या सुमारास आली व फिनटीएस हे नावही तेव्हापासूनचे. त्यानंतरची एक्सएमएल या खुणांकित मजकुराच्या स्वरूपावर बेतलेली ४.० आवृत्ती फारशी रुजली नाही.

प्रत्येक खंडाला सांकेतिक नाव असते : संवादाच्या पूर्वतयारीसाठी एचकेव्हीव्हीबी, शिल्लक विचारण्यासाठी एचकेएसएएल, उलाढालींसाठी एचकेकेएझेड, संवाद संपविण्यासाठी एचकेईएनडी. उलाढाली बहुधा स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशजाळ्याच्या एमटी९४० या खातेउताऱ्याच्या स्वरूपात येतात. त्यातील ८६ क्रमांकाच्या क्षेत्रात व्यवहाराचे कारण, समोरच्याचे नाव इ. गोष्टी जर्मन बँकांच्या संकेतानुसार उपक्षेत्रांत भरलेल्या असतात. वाचक सॉफ्टवेअरची खरी कसोटी येथे लागते. सुरक्षेसाठी आरंभी चिपकार्ड (डीडीव्ही) किंवा आरएसए या गूढलेखन पद्धतीच्या किल्ल्या (आरडीएच) वापरीत. पुढे पिन आणि एकदाच चालणारा क्रमांक (टॅन) ही पद्धत सर्वाधिक पसरली.

मुक्तस्रोत जगात सी भाषेतील ॲक्यूबँकिंग ही लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरला वापरता येणारा तयार कोड) महत्त्वाची असून ग्नूकॅश व केमायमनी या हिशेबप्रणाली तिच्याद्वारे बँकेशी बोलतात. जावातील हिबिस्कस ही प्रणाली एचबीसीआयफोरजावा या लायब्ररीवर उभी आहे. अमेरिकेतील ओएफएक्स (१९९७) हे समांतर मानक असून त्याच्या फाइली वाचण्यासाठी ग्नूकॅश लिबओएफएक्स वापरते.

युरोपीय संघाच्या पीएसडी२ या देयकसेवांविषयीच्या निर्देशाचे ग्राहक-पडताळणीविषयक नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. तेव्हापासून सॉफ्टवेअरला उत्पादन-नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व तो पूर्वतयारीच्या खंडात पाठवावा लागतो. स्रोतच उघडा असलेल्या प्रणालीत हा क्रमांक कोणालाही दिसणार. म्हणून पायथॉनमधील फिनटीएस लायब्ररी वापरणाऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळविण्यास सांगते. पीएसडी२ ने त्रयस्थांसाठी (ग्राहकाच्या वतीने त्याच्या खात्याशी जोडणाऱ्या इतर संस्थांसाठी) उघडलेला मार्ग याहून वेगळा : त्याला परवाना व प्रमाणपत्र लागते, आणि घरी हिशेब ठेवणारा ते घेणार नाही. ग्राहकाच्याच संगणकावर चालणारे फिनटीएस सॉफ्टवेअर त्रयस्थ ठरत नाही, हा त्याचा मोठा लाभ. तपशील खुले असणे आणि जोडणी खुली असणे यांतील अंतर मात्र नोंदणीमुळे वाढले आहे.

भारतात असे ग्राहकाभिमुख मानक प्रचलित नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनी आखलेली अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था ग्राहकाच्या संमतीने त्याच्या खात्यांची माहिती देते, पण ती घेणारी संस्था वित्तीय नियामकाच्या कक्षेतील असावी लागते. ग्नूकॅशचा मराठी व कोकणी अनुवाद झालेला आहे; येथील वापरकर्ते बँकेतून उतरविलेली सीएसव्ही फाइल त्यात आयात करतात.