शिडाच्या नौकेची समुद्रयोग्यता आणि स्थैर्य

वारा आणि लाटांचा मारा सोसून पुन्हा सरळ उभी राहण्याची आणि आत पाणी न घेता बंदर गाठण्याची नौकेची क्षमता म्हणजे समुद्रयोग्यता. स्थैर्य हा तिचा पाया होय. मुंबईत विकत घ्यायची नौका बहुधा बंदराच्या आडोशाला, संथ पाण्यात पाहिली जाते. तिथे ती पायाखाली हलली नाही म्हणून तिला स्थिर समजणे ही घातक चूक आहे.

स्थैर्य येते ते आकारातून आणि वजनातून. रुंद, सपाट तळाची नौका कलली की पाण्याचा उचल देणारा जोर बुडालेल्या बाजूकडे सरकतो आणि तिला लगेच सावरतो. कोकणातल्या होडीची उलांडी, म्हणजे बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका, हेच काम करते. मात्र ठरावीक कोनापुढे हा आधार झपाट्याने संपतो, आणि नौका पालथी झाली तर तीच रुंदी तिला पालथी धरून ठेवते. खोल कण्याच्या, म्हणजे तळाखाली लांब उभे पाते असलेल्या, नौकेत शिसे किंवा बीड तळाशी असते; स्थैर्यासाठीच्या या वजनाला निरम म्हणतात. अशी नौका सुरुवातीला सहज कलते, नवख्याला भीतीही वाटते, पण कलत जाईल तसे खालचे वजन तिला अधिक जोराने मागे ओढते. गलबतांत दगडांचे निरम भरत. ते सुटे असल्याने सरकण्याचा धोका असे.

सावरण्याचे बळ ज्या कोनाला शून्य होते, तो खुल्या समुद्रासाठी साधारण १२० अंशांच्या पुढे असावा असे मानतात. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधील शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात १५ स्पर्धक खलाशी मरण पावल्यानंतर एक सोपा आकडा रूढ झाला: नौकेचे पौंडांतील वजन ६४ ने भागून त्याचे घनमूळ काढायचे आणि फुटांतील रुंदीला त्याने भागायचे, उत्तर २ पेक्षा कमी हवे. १० फूट रुंद, १०,००० पौंडांच्या नौकेचे उत्तर सुमारे १.८६ येते; वजन ६,००० पौंड असेल तर २.२०. पण वजन तळाशी आहे की डोलकाठीच्या टोकाला, हे या आकड्याला कळत नाही. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. मूळ आराखड्यातला स्थैर्याचा आलेख, म्हणजे कोणत्या कोनाला सावरण्याचे बळ किती हे दाखवणारी रेषा, मागून घ्यावा.

मांडव्यापर्यंतच्या हिवाळी सफरीसाठी रुंद, उथळ नौका चालते. तिथेही ओहोटीचा प्रवाह वाऱ्यासमोर आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मुंबईहून निघून जगप्रदक्षिणा केलेली 'म्हादेई' ५६ फुटी, जड कण्याची होती. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तिच्यावर एकट्याने ही फेरी पूर्ण केली.

जुनी नौका घेताना कणा आणि तळ यांचा सांधा सर्वांत आधी पाहावा. उथळ पाण्यात वारंवार जमिनीला टेकलेल्या नौकेत तिथे भेगा पडतात, बोल्ट गंजतात. ती पाण्याबाहेर काढल्याशिवाय हे दिसत नाही.