वेळासची कासवं: महोत्सवाच्या आधीची गोष्ट

मार्च जवळ आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, वेळासला जायचंय, कासवाची पिल्लं कधी निघतील, होमस्टेचा नंबर आहे का कुणाकडे. जरूर जा. फक्त एवढंच की ज्या घरात तुम्ही उतरता, जे काका सकाळी चहा देतात, त्यांच्याच गावाने कासवं वाचवायचं हे सगळं काम वीसेक वर्षं खपून उभं केलंय, त्यामुळे जायच्या आधी मागचं थोडं माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याचं अगदी उत्तरेचं टोक, मंडणगड तालुक्यात. शेजारी बाणकोट, तिथे सावित्रीची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन. आज वेसवीहून फेरीबोटीत गाडी चढवली की थोड्या वेळात बागमांडल्याला, पण हीच खाडी एकदा इतिहासाला कारणीभूत झाली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट, जंजिऱ्याचा सिद्दी हात धुऊन मागे लागल्यावर इकडे वेळासच्या भानू घराण्याच्या आसऱ्याला आले आणि मग भट आणि भानू मिळून घाटावर गेले. पुढे भट पेशवे झाले आणि भानूंकडे फडणिशी, म्हणजे दरबारचा हिशोब-दफ्तर, आली, नाना फडणवीस त्याच घराण्यातले. नानांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ चा, पण मूळ गाव वेळास, म्हणून गावात त्यांचं स्मारक आहे आणि महालक्ष्मी-रामेश्वराचं जुनं देऊळही. कासवं बघून लोक थेट गाडीत बसतात, देवळात जातच नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं. बाणकोटचा किल्ला म्हणजे हिंमतगड, पेशव्यांशी झालेल्या १७५६ च्या तहात इंग्रजांकडे गेला आणि त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला, तटावरून खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, संध्याकाळी जा.

आता कासवांचं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या जातीच्या माद्या या किनाऱ्यावर आधीपासूनच येत होत्या, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रात्री. पण गावात त्याचा अर्थ एकच होता, अंडी. कुणी खायला आणायचं, कुणी विकायचं, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरायची. देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणारे आपणच, आणि किनाऱ्यावरच्या खऱ्या कासवाकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पण तो कायदा रात्री दोन वाजता वाळूत पहारा द्यायला थोडाच येतो.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक, भाऊ काटदरे आणि मंडळी, पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा सर्व्हे करत किनाऱ्याने फिरत होते. कासव हा त्यांचा विषयच नव्हता त्या वेळी. वेळासला त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसली, चौकशी केली तर चोरीचा प्रकार कळला. तिथून पुढे त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यांनी गावालाच सोबत घेतलं. किनाऱ्याची आणि तिथल्या वाळूची ज्यांना खडानखडा माहिती, कासव कुठे चढलं हे ज्यांना नुसत्या मागावरून कळतं, त्याच माणसांना पहारा आणि घरटी शोधायचं काम दिलं. पहिल्याच सीझनला ५० च्या आसपास घरटी वाचली. २००६ च्या सुमाराला कासव महोत्सव, म्हणजे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोकांना बोलावणं, सुरू झाला आणि गावात कासव मित्र मंडळ उभं राहिलं. नंतर वनविभाग आला, राज्य सरकारचं कांदळवन प्रतिष्ठान आलं, हेच काम आंजर्ले, गुहागर असं किनाऱ्याने पसरत गेलं.

काम दिसायला सोपं, करायला किचकट. पहाटे उजाडायच्या आत एक जण किनाऱ्याने चालत निघतो. मादी वर चढून परत गेलेली असली तर वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग असतो, तो जिथे संपतो तिथे काठीने अलगद टोचून बघायचं, वाळू कुठे भुसभुशीत लागते. दीडेक फूट खाली शंभरेक अंडी, पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, पण कवच मऊ, दाबलं तर खळगा पडतो. ती एकेक करून काढायची, उलटीपालटी न करता टोपलीत ठेवायची आणि हॅचरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, तसाच खड्डा करून पुरायची. तसाच म्हणजे अगदी तसाच, तोंड अरुंद, खाली मडक्यासारखा फुगीर, आणि मादीने जेवढा खोल केला होता तेवढाच खोल, कारण वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी तेही ठरतं, ऊब जास्त असेल तर माद्या जास्त. मग साधारण ४५ ते ६० दिवस वाट. खड्ड्यावर वेताची टोपली पालथी घातलेली असते, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. मी गेलो तेव्हा पहिल्या सकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं, सगळे पर्यटक हिरमुसले, आणि संध्याकाळी तीच टोपली उचलली तर खाली चिखलाच्या रंगाचे पंचवीसेक जीव एकमेकांवर चढत होते. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, वाळूवरून त्यांनी स्वतःच चालत जायचं.

पैशाचा भाग सांगायलाच हवा. वेळासला हॉटेलं उभी करण्याऐवजी लोकांनी आपल्याच घरातल्या ओटी-पडव्या पाहुण्यांना दिल्या. गाद्या घालून झोपायचं, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक, तेसुद्धा घरच्या नारळाचे. त्यामुळे पैसा थेट घरातल्या बायकांच्या हातात येतो, आणि कासव वाचलं तर घर चालतं हा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लॉकडाऊनमध्ये पाहुणे बंद झाले, त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने या सगळ्या पट्ट्यातल्या माडाच्या आणि सुपारीच्या बागा आडव्या केल्या, एक माड परत धरायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर ती समुद्रात कुठे जाते ते कळावं म्हणून सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा, त्या सीझनला कोकणात अशा ५ माद्या टॅग झाल्या. त्यानंतर गुहागरला टॅग लावलेल्या बागेश्री नावाच्या मादीने तर पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला. आणि २०२५ मध्ये उलटं घडलं, ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिम किनाऱ्याची वेगळी ही जुनी समजूत आता तशीच्या तशी धरता येणार नाही.

जायचं तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आणि आधी गावात फोन करून विचारा, कारण पिल्लं तारखा बघून निघत नाहीत. हॅचरीजवळ फ्लॅश आणि टॉर्च मारू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याची दिशा चुकतात. वाटेत केळशीची महालक्ष्मी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती होतो.

आणि शक्य झालं तर पिल्लं गेल्यानंतरही थोडं थांबा. खड्डा परत उकरतात, न उबलेली अंडी वेगळी, रिकामी टरफलं वेगळी, मोजून वहीत आकडा लिहितात. २००२ साली याच वाळूत नुसती टरफलं सापडली होती, तेव्हा ती मोजणारं कुणी नव्हतं.