सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते?

मागच्या अ‍ॅक्सलबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घसरणाऱ्या चाकाला देतो, आणि लिमिटेड-स्लिप (एका चाकाचं घसरणं मर्यादित ठेवणारा डिफरन्शियल) तो निम्मा-निम्मा वाटतो. खरं तर जवळपास उलटं आहे. निम्मा-निम्मा वाटणारा तो साधाच डिफरन्शियल, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

समजा, एक चाक बर्फावर आहे आणि ५० न्यूटन-मीटरलाच घसरतं. मग कोरड्या रस्त्यावरच्या दुसऱ्या चाकालाही ५०च मिळतात. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, बेरीज १००च. इंजिनाचा बाकीचा जोर चाक गरागरा फिरवण्यात जातो.

टॉर्सन या ब्रँडसारखा गिअरवाला लिमिटेड-स्लिप कमी पकडीच्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतो. २.५ पट धरला तर १२५. पण चाक हवेत उचललं गेलं की शून्याची अडीच पट शून्यच! क्लचवाल्या लिमिटेड-स्लिपमध्ये एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटींवर स्प्रिंगचा आधीचा दाब असतो, म्हणून तिथे थोडी ओढ उरते. मात्र त्याच्या प्लेटी झिजतात, आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सौम्य करणारं द्रव्य) नसेल तर वळणावर तो कुरकुरतो.

अ‍ॅक्सलमधले गिअर बदलून, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो रेशो बदलून, हा प्रश्न सुटत नाही. ३.०८ रेशोऐवजी ४.१०चे गिअर घातले तर चाकांवरचा टॉर्क साधारण ३३ टक्के वाढतो, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतात. पकड मात्र टायरची, ती होती तेवढीच. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक रेशोपलीकडे डिफरन्शियलचा कॅरियरच (मोठा गिअर ज्यावर बसतो ते त्याचं घर) वेगळा लागतो, त्यामुळे आधी रेशो ठरवा, मग त्याला बसणारा लिमिटेड-स्लिप घ्या.