आंतरसांस्कृतिक संज्ञापन व सहजीवन यांचे अध्ययन

भिन्न संस्कृतींत वाढलेली माणसे एकत्र बोलताना, काम करताना किंवा शेजारी म्हणून राहताना परस्परांच्या वागण्याचा अर्थ कसा लावतात, तो कोठे चुकतो आणि एकत्र राहणे कोणत्या परिस्थितीत साधते, यांचा विचार करणारी ही विद्यापीठीय अध्ययनशाखा आहे. मानवशास्त्र, भाषाविज्ञान, सामाजिक मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या चारही विद्यांमधून ती घडलेली असल्यामुळे कोठे ती संज्ञापन विभागात, कोठे परकीय भाषांच्या विभागात, तर कोठे व्यवस्थापनशास्त्राचा भाग म्हणून शिकवली जाते.

या शाखेचा उगम विद्यापीठात नव्हे, तर सरकारी प्रशिक्षणवर्गात झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९४७ मध्ये स्थापन केलेल्या फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल हे १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात परदेशी निघालेल्या अधिकाऱ्यांना शिकवत होते. संस्कृतीविषयीच्या व्यापक सिद्धांतांत या अधिकाऱ्यांना रस नव्हता. समोरच्या माणसाशी प्रत्यक्ष कसे वागावे, हे त्यांना हवे होते. त्यामुळे हॉल आणि त्यांचे सहकारी, भाषावैज्ञानिक जॉर्ज ट्रेगर, यांनी वेळ पाळण्याच्या रीती, दोन माणसांमधील अंतर, हावभाव आणि आवाजाचा चढउतार अशा सहसा ध्यानात न येणाऱ्या गोष्टींकडे लक्ष वळवले. १९५९ साली प्रसिद्ध झालेला हॉल यांचा ‘द सायलेंट लँग्वेज’ हा ग्रंथ या शाखेचा आरंभबिंदू मानला जातो. जवळच्या माणसांशी बोलताना सुमारे ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर अंतर राखले जाते, हे त्यांचे निरीक्षण पुढे पाठ्यपुस्तकांत सर्रास उद्धृत झाले; मात्र ते मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीय प्रौढांपुरते आहे, हा हॉल यांनीच दिलेला इशारा पुष्कळदा गळून पडला.

डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेडे यांच्या कामाच्या बाबतीतही असेच घडले. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी १९८० मध्ये सत्तेतील अंतर (सत्तेची असमान वाटणी किती स्वीकारली जाते), व्यक्तिवाद, अनिश्चिततेविषयीची धास्ती आणि पौरुषप्रधानता असे चार निकष मांडले व प्रत्येक देशाला गुणांक दिले. देशाचा गुणांक एकेका व्यक्तीला लावू नये, असे त्यांनी स्वतः बजावले होते. तरीही व्यवस्थापनाच्या वर्गांतून हे तक्ते माणसे ओळखण्याची किल्ली म्हणून वापरले गेले. एका कंपनीतील नोकरदारांवरून संपूर्ण राष्ट्राविषयी निष्कर्ष काढण्यावर नंतर कठोर टीका झाली, आणि ती रास्त होती.

प्रत्यक्ष संभाषणाचे बारकाईने विश्लेषण करण्याची भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांची पद्धत अधिक फलदायी ठरली. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उद्धट आहेत, अशी तक्रार होती. त्यांची ध्वनिमुद्रणे तपासल्यावर असे दिसले, की मांसाचे पदार्थ वाढून घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का, हे विचारताना ब्रिटिश कर्मचारी तो एकच शब्द चढत्या सुरात उच्चारत, तर या स्त्रिया उतरत्या सुरात. ऐकणाऱ्याला पहिला उच्चार प्रश्न वाटे आणि दुसरा विधान, म्हणजे घ्यायचे तर घ्या अशा थाटाचे. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर स्त्रियांना प्रथम दोन्हींत काहीच फरक जाणवला नाही, कारण त्यांच्या सवयीप्रमाणे विचारण्याची रीत तीच होती. आपल्याशी भेदभाव होतो असे त्यांना आधीपासून वाटत होते आणि पर्यवेक्षकांना त्यांचा असहकार दिसत होता. शब्द आणि व्याकरण बिनचूक असूनही केवळ सुराच्या भेदातून एका समूहाच्या स्वभावाविषयी मत बनते, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही गुणांकांतून झाले नव्हते.

सहजीवनाच्या अभ्यासाचा पाया मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या संपर्क-गृहीतकाने घातला. समूहांमधील नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह कमी होतातच असे नाही. त्या भेटीत दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य लागावे आणि कायद्याचे किंवा संस्थेचे पाठबळ असावे, असे त्यांचे म्हणणे होते. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतात, या चार अटी असल्यास अधिक घटतात, परंतु त्या अनिवार्य नाहीत, असे दाखवले. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या संदर्भात एकात्मता (आपली संस्कृती राखून नव्या समाजातही मिसळणे), आत्मसातीकरण (आपली सोडून नवी स्वीकारणे), विलगता (आपलीच राखून दूर राहणे) आणि परिघावर पडणे (दोन्हींपासून तुटणे) असे चार मार्ग सांगितले. भाषाशिक्षणात मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेचे, म्हणजे परक्या संस्कृतीतील माणसांशी नीट संवाद साधण्याच्या कुवतीचे, प्रारूप मांडले, तर युरोप परिषदेने २००८ मध्ये आंतरसांस्कृतिक संवादावर श्वेतपत्रिका काढली.

संपर्काचा लाभ दोन्ही बाजूंना सारखा होत नाही, हे मात्र या क्षेत्रातील सर्वांत गंभीर निरीक्षण आहे. ट्रॉप आणि पेटिग्रू यांनाच २००५ मध्ये असे आढळले, की पूर्वग्रह घटण्याचा परिणाम बहुसंख्याकांच्या तुलनेत अल्पसंख्याकांत क्षीण असतो. आपल्या समूहाला कमी लेखले जाते याची जाणीव एखाद्या सुखद भेटीने पुसली जात नाही. तामार सागी आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील प्रयोगात सत्ता असलेल्या व नसलेल्या गटांना काही वेळा केवळ परस्परांतील साम्यांविषयी बोलायला लावले. अशा संभाषणानंतर सत्ताहीन गट न्याय्य वाटपाची अधिक अपेक्षा करू लागला. सत्ताधारी गटाने प्रत्यक्षात केलेले वाटप मात्र पक्षपातीच राहिले.