कोको रोपवाटिकेतील मायकोरायझा : पार्श्वभूमी

भारतात कोकोची रोपे 18व्या शतकाच्या अखेरीस आली असली, तरी सुपारी-नारळाच्या बागांतील आंतरपीक म्हणून त्याची व्यापारी लागवड केरळ आणि कर्नाटकात 1960च्या दशकापासून वाढत गेली. मुळांवरील उपकारक बुरशीचा विचार त्यानंतरच रोपवाटिकेत शिरला. वनस्पती आणि या बुरशीचे नाते 40 कोटी वर्षे जुने आहे. या नात्याला दिलेला 'मायकोरायझा' हा शब्द मात्र 1885 मधला आहे, आणि तो युरोपातील ज्या जंगली झाडांवरून पडला, त्यांच्या मुळांवर कोकोहून वेगळ्या प्रकारची बुरशी असते.

कोकोच्या मुळांत शिरणाऱ्या बुरशीला आपल्याकडे 'व्हॅम' (व्हेसिक्युलर-अर्बस्क्युलर मायकोरायझा) म्हणण्याची सवय पडली, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कोवळ्या मुळाचा तुकडा अल्कलीत तापवून ट्रिपॅन ब्लूने रंगवला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत झुडपासारख्या फुटलेल्या निळ्या फांद्या दिसतात, तर काही ठिकाणी गोल पिशव्या. 'व्हॅम'मधील 'व्ही' या पिशव्यांचा आणि 'ए' फांद्यांचा. पण जायगास्पोरासारख्या प्रजातींमध्ये मुळांच्या आत पिशव्या तयारच होत नाहीत, म्हणून शास्त्रीय लेखनातून 'व्ही' गळाला. मायकोरायझाच्या विक्रीच्या पाकिटांवर तो अजूनही छापला जातो. भरीस भर म्हणून 2010 नंतर यातल्याच 'ग्लोमस मोसी' या बुरशीचे नाव 'फनेलिफॉर्मिस मोसी' झाले. जुन्या प्रयोगांतले नाव आणि नव्या पाकिटावरचे नाव एकाच बुरशीचे आहे, हे रोपे वाढवणाऱ्याला कुठेही स्पष्ट सांगितलेले नसते, आणि ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे मका किंवा ज्वारीच्या मुळांवर कुंडीत वाढवून, मुळांच्या तुकड्यांसह माती वापरण्याची पद्धत पडली. तिचा दर्जा कसा ठरवायचा यावर बराच खल झाला. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात 2009 मध्ये मायकोरायझाचा समावेश होताना केवळ बीजाणू मोजण्यावर न थांबता मुळांत प्रत्यक्ष शिरण्याची क्षमताही निकषांत धरली गेली, हे योग्यच झाले. कारण मेलेला बीजाणूसुद्धा मोजणीत येऊ शकतो.

कोकोचे बी साठवता येत नाही. शेंगेतून काढून, राखेत किंवा वाळूत चोळून गर काढला की ते लगेच रोपाच्या पिशवीत लावावे लागते. म्हणून मायकोरायझाची माती देण्याची सर्वांत सोयीची वेळ तीच ठरली. बियाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर तिचा थर दिला की पहिले मूळ त्यातूनच खाली उतरते. ही बुरशी मुळाला मातीतला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते, म्हणून लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवत असलेल्या जांभ्या मातीत पुढे रोप लावायचे असेल, तर याचे महत्त्व अधिक. मात्र रोपांच्या मरीला आळा घालण्यासाठी मातीत सरसकट बुरशीनाशक ओतणे किंवा मिश्रणात विद्राव्य स्फुरद भरपूर घालणे, या दोन्ही सवयी त्याच पिशवीतल्या बुरशीला मारक ठरतात, आणि त्या अनेक रोपवाटिकांत आजही चालू आहेत.